ताटात पालघर, पाट्यावर सह्याद्री

भूगोल म्हणजे पाठांतर, असं वाटतं तुम्हाला? मग एकदा जव्हार-मोखाड्याच्या चुलीशी जाऊन बसा. तिथली भाकरी, पाटा, द्रोण आणि हंडा मिळून जो भूगोल शिकवतात, तो आपल्या पुस्तकात कधी नव्हताच!

भूगोल म्हटलं की काय आठवतं? खरं सांगा. प्लास्टिकचा तो महाराष्ट्राचा साचा, ज्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली की नकाशा तयार! मग 'नकाशात भरा', 'जोड्या लावा' आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे 'भौगोलिक कारणे द्या'. घोकून जायचं, पेपरात ओकायचं आणि निकाल लागला की विसरायचं. आज ऑफिसात बसून आपण गुगल मॅप्सवर पिझ्झावाल्याला लोकेशन पाठवतो, पण आपल्या नळाला पाणी कुठून येतं असं कुणी विचारलं तर गप्प. 'बीएमसी देते' हे काही भूगोलाचं उत्तर नव्हे!

मग यावर उपाय म्हणून हल्ली एक फंडा सगळीकडे चालतो. रोजच्या वस्तूंमधून शिकवा, खाऊतून शिकवा. संत्रं सोला, पृथ्वी समजवा. केकचा तुकडा कापा, जमिनीचे थर दाखवा. बेकिंग सोड्यात व्हिनेगर ओता, ज्वालामुखी हजर. कल्पना झकास आहे, वादच नाही. पण हाच केक घेऊन तुम्ही मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत गेलात तर? तिथल्या पोराला जमिनीचे थर शिकण्याआधी केक म्हणजे काय ते शिकावं लागेल. आणि शिकून होईपर्यंत त्याचं सगळं लक्ष 'हा खायला कधी मिळणार' याकडे!

म्हणजे प्रश्न 'रोजची वस्तू' हा नाहीच. प्रश्न आहे, कुणाच्या रोजची?

कोसबाडच्या टेकडीवरून

हा प्रश्न आजचा नाही. आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्या दोन बायका याच पालघर जिल्ह्यात होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई (१८९२-१९७३) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, माँटेसरी पद्धत शिकून आलेल्या. शहरातली नोकरी, प्रतिष्ठा सगळं शक्य होतं. पण १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये, म्हणजे वयाच्या पासष्टीत, त्या अनुताईंसह डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. आपण पासष्टीत काय करणार, याचा विचार करून बघा जरा!

माँटेसरीची साधनं महाग. लाकडी ठोकळे, मणी, पॉलिश केलेल्या पेट्या. त्या वारली वस्तीत आणणार कुठून? मग दोघींनी ती साधनं आजूबाजूलाच शोधली. बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या. मोजायलाही तेच आणि ओळखायलाही तेच. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण किती सहज वापरतो, त्यामागे हे अंगण आहे. गुरं राखणारी पोरं तर अंगणातही सापडेनात, मग त्यांच्यामागे कुरणात जायचं. तीच कुरणशाळा. वस्तू तिथल्या, वेळ पोरांची आणि जागाही त्यांचीच.

त्याआधी, १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती, तिचाही गाभा असाच. हातात टकळी आणि कापूस असला की सूत कातता कातता कापूस कुठे पिकतो, काळी माती म्हणजे काय, हे प्रश्न आपोआप येतात. आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तर शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडणं हे पहिलंच तत्त्व म्हणून लिहिलं. कागदावर सगळं आहे, फक्त ते वर्गात कसं उतरणार?

त्यासाठी कोसबाडहून पूर्वेकडे घाट चढून जव्हार-मोखाड्याला जाऊ. इथे भूगोलाचं साहित्य विकत आणावं लागत नाही. ते चुलीशी, अंगणात आणि बांधावर पडलेलंच आहे.

एका ताटात अख्खा जिल्हा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण एक ताट घ्या. जेवणाचंच. डाव्या कडेला ठेवा सातपाटीचा सुका बोंबील. त्याच्या शेजारी घोलवडचा चिकू. मग बहाडोलीचं जांभूळ. मधे वाड्याच्या कोलमचा मूठभर भात. आणि अगदी उजव्या कडेला नागलीची भाकरी आणि वरईचा भात, म्हणजे जव्हार-मोखाडा.

झाला की पालघर जिल्ह्याचा काटछेद! समुद्रकिनाऱ्यापासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरच्या जव्हारपर्यंत. यातल्या चिकू, जांभूळ आणि कोलम या तिघांना जीआय टॅगही मिळालाय, म्हणजे 'हा माल याच जागेचा' यावर सरकारी शिक्का.

आता विचारा 'भौगोलिक कारणे द्या'. बोंबील किनाऱ्यावरच का? सोपं आहे. कोलम मधल्या सपाट पट्ट्यात का? कारण भाताला पाणी तुंबलेलं लागतं, आणि पाणी तुंबायला जमीन सपाट हवी. मग डोंगरावर नागली-वरई का? कारण उतारावर पाणी थांबत नाही, मातीचा थर पातळ. अशा हलक्या जमिनीला इकडे वरकस म्हणतात. तिथे भात हट्ट करून बसतो, पण नागली आणि वरई मुकाट्यानं येतात. मोखाड्याच्या पोराला हे सगळं माहीत असतं. आवणीला ते स्वतः चिखलात उभं राहिलेलं असतं. त्याला माहीत नसतं ते एवढंच की यालाच भूगोल म्हणतात, आणि यालाच मार्क असतात.

अजून गंमत पुढे आहे. बोटानं ताटातून जगाचा नकाशा काढता येतो. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. बोंबलाच्या कालवणातली मिरचीही अमेरिका खंडातून आलेली. आणि ज्या नागलीला आपण अगदी 'इथलीच' समजतो, ती काही हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आली. इथिओपिया, युगांडा ही नावं मग 'राजधान्या सांगा'पुरती उरत नाहीत. तिकडेही डोंगर, तिकडेही नागली. वरई मात्र पक्की भारतीय. तुम्ही एकादशीला भगर खाताना दुप्पट खाता ना, तिचं नातं या उतारांशी आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा आपल्या कॅफेंमध्ये 'मिलेट बोल' आला. जव्हारच्या घरांत तो बोल आधीपासून होता, फक्त त्याचं नाव भाकरी होतं.

पाटा नावाचा डोंगर

आता स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा घ्या. काळा, जड, थंड. हा दगड म्हणजे बेसाल्ट, म्हणजेच आपला सह्याद्री. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार बनलं. थर कसे? चुलीवरून उतरवलेल्या भाकऱ्यांची चळत बघा. एक गार झाली की तिच्यावर दुसरी. पावसाळ्यात दाभोसा धबधब्यावर तुम्ही सेल्फी काढायला जाता, तिथला कडा जरा निरखून बघा. भाकऱ्यांची चळत अर्धी कापल्यासारखाच दिसेल.

आता याच पाट्यावर तांब्याभर पाणी ओता. काय झालं? सगळं घरंगळून खाली. शेजारी टोपलीभर माती घ्या, वर पालापाचोळा पसरा आणि तेवढंच पाणी ओता. पाणी मुरलं, ओल टिकली. पाच मिनिटांचा प्रयोग, खर्च शून्य. पण यात जव्हार-मोखाड्याची सगळ्यात मोठी गोष्ट दडलीये. इथे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतात. पाऊस कमी नाही. खाली पाटा आहे. भेगांतून, मुरमातून थोडं मुरतं, बाकीचं उतारावरून पळतं. माती आणि जंगल जितकं टिकेल तितकं पाणी टिकेल. 'जंगलाचे महत्त्व' हा निबंध शंभर वेळा लिहून जे कळत नाही, ते एका तांब्यात कळतं.

अडीच हजार मिलिमीटर म्हणजे किती, हेही पोरांना दाखवता येतं. सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा आणि पट्टी, झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी उंची मोजा, लिहा, बेरीज करा. पावसाचं एकही थेंब वाहून गेलं नाही, सुकलं नाही, तर वर्षभरात वर्गाच्या दारापेक्षा उंच पाणी साचेल. पोरांचे डोळे मोठे होतात ते इथे!

समोच्च रेषा आठवतात? नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या गोल गोल रेघा, ज्या आपल्याला शेवटपर्यंत कळल्या नाहीत? इथे त्या समोर दिसतात. उतारावरच्या भातखाचरांचे बांध बघा. पाणी सगळीकडे सारखं राहावं म्हणून शेतकरी बांध एका उंचीवर घालतो. बांधावरून चाललात की तुम्ही जवळजवळ समोच्च रेषेवरूनच चाललात. खाचरं अरुंद आणि बांध जवळजवळ असतील तर चढ उभा, खाचरं रुंद असतील तर चढ मंद. नकाशातही अगदी हेच. आमच्या पिढीला हे कुणी बांधावर नेऊन दाखवलं असतं तर!

बैलाचं कातडं आणि पळसाचा द्रोण

जव्हारला स्वतःची एक फर्मास दंतकथा आहे. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा मूळपुरुष जयबा मुकणे यानं म्हणे 'बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन द्या' अशी मागणी केली. देणारा हसला, हो म्हणाला. जयबानं कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या दोरीनं भलामोठा मुलूख वेढला! अशीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराबद्दल, तिथल्या डिडो राणीबद्दल सांगतात. हे मुकणे संस्थान पुढे १९४८ मध्ये विलीन झालं, पण गोष्ट राहिली.

आता वहीच्या मोठ्या कागदाची, म्हणजे प्रिंटरमधल्या ए-फोर कागदाची, अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी न तोडता नागमोडी कापत जा. साधारण साडेबारा मीटरची दोरी होईल. तिचा गोल केलात तर आत सुमारे बारा चौरस मीटर जागा मावते. हातावर मावणाऱ्या कागदात वर्गातली निम्मी पोरं बसतील! परिमिती, क्षेत्रफळ, सीमा, आणि 'जमीन कुणाची, कशी झाली' हा प्रश्न, सगळं एका कात्रीत.

आणि नकाशा खोटं का बोलतो, ते सांगायला पळसाचं पान. सपाट पानाचा द्रोण करायचा तर चुण्या घालून काडी टोचावीच लागते. चुणी न घालता सपाटाचा खोलगट होत नाही, आणि गोलाचा सपाटही होत नाही. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून कुठेतरी ओढाताण होणारच. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. संत्र्याचं साल लागलंच नाही, बघा.

वीटभट्टीचा नकाशा

इथपर्यंत सगळं छान, मजेचं. पण जव्हार-मोखाड्यात अन्नाचा विषय निघाला की नुसती मजा करता येत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा हा भाग देशाच्या बातम्यांत आला. त्यानंतरही कुपोषणाच्या बातम्या येत राहिल्या. म्हणून इथे अन्नातून शिकवायचं तर एक नियम पाळायलाच हवा. वर्गात मांडलेला घास वर्गातच पोटात गेला पाहिजे. पिठाचे डोंगर करून टाकून देणं, कडधान्यं फेव्हिकॉलनं चिकटवून नकाशा भरणं हे आपल्या शहरी प्रोजेक्टमध्ये खपतं. इथे ते अश्लील वाटेल.

त्यापेक्षा शाळेतल्या दुपारच्या खिचडीचाच नकाशा करा. तांदळाच्या पोत्यावरचा शिक्का वाचा, तेलाच्या पिशवीवरचं गाव शोधा, डाळ कुठली, मीठ कुठलं ते विचारा. पोषण आहार पोटातही जातो आणि वहीतही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली, भात झोडून झाला की कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. पोरंही जातात. शाळेचा पट तसाच, बाकं रिकामी. नव्वदच्या दशकात विधायक संसदेनं भट्ट्यांवरच शाळा भरवल्या होत्या, भोंगाशाळा. मजूर कच्च्या विटा रचून जी झोपडी करतात तो भोंगा, त्यावरून हे नाव. अशी पोरं परत शाळेत येतात तेव्हा 'मागे पडलेली' म्हणून येतात. पण जरा उलटं बघा. एक वीट टेबलावर ठेवा आणि विचारा, 'ही कुठे कुठे जाते?' माती कुठून आली, भट्टी कुठे, ट्रक कुठल्या रस्त्यानं गेला, टॉवर कुठे उभा राहिला. त्या तासाला वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण असेल? जो सहा महिने गैरहजर होता तोच! त्यानं तो नकाशा पायांनी काढलेला असतो.

मोखाडा ते तुमचं बाथरूम

आता तुमच्या नळाकडे येऊ. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक म्हणजे मध्य वैतरणा. त्याचं धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ आहे, २०१४ पासून वापरात आलेलं. त्याची क्षमता रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईला देण्याची. आंघोळीची बादली वीस लिटरची धरली तर सव्वादोन कोटी बादल्यांहून जास्त. रोज!

आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका-पोरी हंडा घेऊन रांगेत. का? भूगोल सांगतो की पाडे उंचावर आहेत आणि पाणी खाली दरीत. मुंबईकडे ते उतारानं आणि पाइपानं जातं, पाड्यावर मात्र ते वर चढवावं लागतं. त्याला पंप लागतो, वीज लागते, पैसा लागतो. इथवर भूगोल. पैसा कुणासाठी आधी निघतो, हे विचारलंत की नागरिकशास्त्र सुरू होतं. पुस्तकात हे दोन विषय वेगळे आहेत, हंड्यात ते एकत्र असतात.

याच हंड्यानं आणखी एक गणित करता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. शाळेचं छप्पर पन्नास चौरस मीटरचं असेल, तर अडीच हजार मिलिमीटर पावसात त्यावर पडतं सव्वा लाख लिटर पाणी. सगळं काही धरता येणार नाही, पण निम्मं धरलं तरी तीन हजारांहून जास्त बादल्या. हे गणित जी मुलं सहावीत करतील, ती मोठी झाल्यावर ग्रामसभेत टाकीबद्दल प्रश्न विचारतील. त्यांनी भूगोल शिकायचा तो यासाठी. परीक्षेत 'वैतरणा नदीचा उगम कुठे होतो' याला एक मार्क मिळतोच, तो बोनस.

वीकेंडला जाताय? मग हे वाचा

हल्ली ऑफिसातून व्हॉलंटिअरिंगला, नाहीतर पावसाळी ट्रिपला जोडून शाळेत 'काहीतरी शिकवायला' जायची क्रेझ आहे. जरूर जा, पण...

• ग्लोब, चॉकलेट, चार्ट यांनी सॅक भरू नका. पट्टी, दोरी, कात्री, खडू आणि जिल्ह्याचा एक मोठा नकाशा पुरे. बाकीचं तिथलं वापरा.

• आधी शिक्षकांशी बोला. रोज तिथे तेच असतात, तुम्ही एक शनिवार.

• पोरांच्या घरची बोली वारली, कोकणा, ठाकरी अशी असू शकते. उताराला, ओहळाला, मातीला त्यांचा शब्द काय ते विचारा, तो फळ्यावर आधी लिहा. पुस्तकी शब्द त्याच्या खाली.

• खायचं काही मांडलंत तर सगळ्यांना पुरेल एवढंच मांडा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खा.

• फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. प्लीज.

• आणि एक तास उलटा ठेवा. तुम्ही बसा, पोरांना शिकवू द्या. बांध का वाकडा, नागली कुठे येते, पाऊस कुठून चढतो. तुमच्या चुका निघतील. निघू द्या.

परतताना कसारा घाटात नाहीतर मनोर हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकाल तेव्हा बाजूनं जाणारा विटांचा ट्रक बघा. रात्री घरी पोचून शॉवर सुरू कराल, तेव्हा ते पाणी कुठून निघालं असेल तेही आठवा. आणि हो, शॉवर जरा लवकर बंद करा!